जिथे अडखळशील, तिथे थांब

बायबलचा पेपर घेतलास हे चांगलं केलंस. तुझी आई म्हणाली, "दादा, वर्ग सुरू व्हायच्या आधी तिला चार गोष्टी सांग." इतकी वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ साचलंय. निम्मं तुला पुस्तकांत मिळेलच. जे पुस्तकांत सहसा मिळत नाही, ते इथे लिहितो. यातलं बरंचसं आमच्या सरांकडून आलेलं आहे, आणि त्यांनीही ते त्यांच्या गुरूंकडूनच उचललं होतं.

मूळ मंत्र एकच. बायबल न वाचताही सगळ्यांना माहीत असतं. नाताळची गाणी, सिनेमे, शाळेतल्या प्रार्थना यांतून ते कानावर पडलेलं असतं, आणि त्यामुळेच नजर ओळींवरून घसरत पुढे जाते. म्हणून जिथे दोन तपशील जुळत नाहीत, जिथे तीच गोष्ट पुन्हा येते, जिथे निवेदक अचानक गप्प बसतो, तिथे थांब. भाविक माणूस अशा जागी सारवासारव करतो आणि टवाळ माणूस खिदळतो, पण दोघेही तिथून पुढे सटकतात. अभ्यास करणाऱ्याने तिथेच बैठक मारायची. खालच्या सगळ्या सूचना या एकाच मंत्राच्या शाखा आहेत.

आधी अनुक्रमणिका वाच

बायबल हे एक पुस्तक नाही, तो ग्रंथसंग्रह आहे, आणि तो सगळ्यांचा सारखाही नाही. प्रोटेस्टंटांचा 66 पुस्तकांचा, कॅथलिकांचा 73 पुस्तकांचा. ज्यूंच्या हिब्रू बायबलात ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात ती 39 पुस्तकं 24 म्हणून मोजली जातात आणि वेगळ्या क्रमाने लावली जातात. या क्रमानेही अर्थ बदलतो. ख्रिस्ती जुना करार मलाखीशी संपतो, एलीया परत येईल या आशेवर, आणि पान उलटलं की नवा करार सुरू. हिब्रू बायबल इतिहासाच्या पुस्तकाशी संपतं. तिथे इराणचा राजा कोरेश निर्वासितांना यरुशलेमला जायची मुभा देतो. एकाचा शेवट येणाऱ्या माणसाकडे बघतो, दुसऱ्याचा सोडून आलेल्या गावाकडे.

वर्गात बोलताना 'हिब्रू बायबल' म्हणायची सवय ठेव. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना विचार, त्यांच्यासाठी तो करार कधी जुना झालेलाच नाही.

आणखी एक. छापलेला क्रम हा लिहिल्याचा क्रम नव्हे. नव्या करारात चार शुभवर्तमानं आधी येतात, पण पौलाची पत्रं त्यांच्यापेक्षा जुनी. थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. 50 च्या सुमाराचं, तर मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ.स. 70 च्या आसपास ठेवतात.

आकडे झाकून वाच

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, तिचं श्रेय स्टीफन लँग्टनला देतात. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 साली घातले. सोय मोठी झाली, पण फसगतही होते. उत्पत्तीतली सात दिवसांची सृष्टिकथा पहिल्या अध्यायाबरोबर संपत नाही. सातवा दिवस दुसऱ्या अध्यायात ओघळला आहे. अध्याय संपला म्हणून वाचन थांबवणारा विद्यार्थी नेमका विश्रांतीचा दिवस गमावतो. म्हणून अभ्यासाचा उतारा आकडे काढून साध्या कागदावर उतरवून घे आणि कथा कुठे सुरू होते, कुठे संपते हे तू ठरव.

दोन प्रश्न, दोन वह्या

आता तोच उतारा पुढे वाच. पहिल्या कथेत आधी वनस्पती, मग प्राणी, सर्वांत शेवटी स्त्री आणि पुरुष एकदमच. सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी येतात, प्रकाश मात्र पहिल्याच दिवशी. लगेच पुढच्या कथेत जमीन उजाड, पाऊस नाही, आणि मातीतून एक माणूस घडवला जातो. मग बाग, मग प्राणी, आणि मग त्याच्या फासळीतून स्त्री. पहिल्या कथेतला देव लांबून आज्ञा देतो आणि ती ठरल्या चालीत पार पडते. दुसऱ्या कथेतला देव हात मातीत घालतो, झाडं लावतो, माणसाला एकटं वाटतंय हे ओळखतो. देवाचा उल्लेखही दोन्हीकडे वेगळा आहे.

इथे अडखळणारी तू पहिली नाहीस. झां आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने 1753 साली देवाच्या या वेगवेगळ्या उल्लेखांचा माग काढला आणि उत्पत्तीमागे एकाहून जास्त लेखी साधनं असावीत असं मांडलं. पुढे 1878 मध्ये युलियुस वेलहाउझेनने पंचग्रंथामागे, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांमागे, चार मूळ दस्तऐवज असल्याची मांडणी पक्की केली. आज त्या चौकटीची बरीच मोडतोड झाली आहे. दस्तऐवज किती आणि केव्हाचे यावर भांडणं चालू आहेत, पण मजकूर अनेक हातांतून आला हे बहुतेकांना मान्य आहे.

मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साहित्याच्या वाटेने आलेले लोक वेगळं विचारू लागले. रॉबर्ट ऑल्टरचं 'द आर्ट ऑफ बिब्लिकल नॅरेटिव्ह' 1981 सालचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने या दोन कथा शेजारी ठेवल्या तो काही आंधळा नव्हता. विश्वाची शिस्त आणि माणसाचा गोंधळ, दोन्ही खरे. एका कथेत दोन्ही मावत नाहीत, म्हणून त्याने दोन्ही राहू दिल्या.

म्हणून दोन वह्या कर. एकीत लिही: हा मजकूर असा कसा झाला? दुसरीत लिही: जसा आहे तसा तो वाचणाऱ्याचं काय करतो? दोन्ही प्रश्न एकाच अडखळण्यातून निघतात, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या वहीत लिहिलंस की निबंध बिघडला. 'इथे दोन स्रोत आहेत' असं म्हटल्याने अर्थ सांगून होत नाही, आणि 'ही कलात्मक रचना आहे' असं म्हटल्याने इतिहास मिटत नाही.

निवेदक काय सांगत नाही, ते लिहून काढ

एरिख आउअरबाखचं 'मिमेसिस' 1946 साली आलं. त्याचं पहिलं प्रकरण तरी वाचच. होमर सगळं उजेडात ठेवतो, हिब्रू कथा बरंचसं अंधारात ठेवते, असं तो दाखवतो. पण आउअरबाख वाचण्याआधी शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय घे. सत्तावीस वचनं आहेत, पण सबंध दुपार त्याला दे.

सुरुवातच बघ. राजे लढाईला निघतात तो ऋतू, आणि दावीद घरी. निवेदक टीका करत नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवून मोकळा होतो. मग संध्याकाळी राजा अंथरुणातून उठतो, गच्चीवर जातो, बाई दिसते. चौकशी करायला माणूस पाठवतो. उत्तर येतं: ही बथशेबा, हित्ती उरीयाची बायको. यापुढे दावीद चुकून काही करू शकत नाही. लेखकाने ती वाट त्या एका उत्तराने बंद केली आहे. तरी तो तिला आणवतो. तिला काय वाटलं? एक अक्षर नाही. सबंध अध्यायात ती एकच निरोप पाठवते, दिवस गेल्याचा, आणि तोही हिब्रूत दोन शब्दांचा.

पुढे उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतात. राजा विचारतो, सेनापती यवाब कसा आहे, सैन्य कसं आहे, लढाई कशी चालली आहे. उत्तरं? लेखक देतच नाही. का देत नाही, याचा विचार कर. राजाला ती ऐकायचीच नव्हती. त्याला फक्त उरीया एक रात्र घरी झोपायला हवा होता. आणि उरीया जात नाही, राजवाड्याच्या दाराशी निजतो. सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, असं त्याचं कारण. त्याला सगळं कळलं होतं का? तो भोळा शिपाई होता, की राजाला तोंडावर ऐकवत होता? मेइर श्टर्नबर्ग या अभ्यासकाने याच प्रश्नावर दाखवून दिलं की दोन्ही वाचनं शेवटपर्यंत टिकतात आणि लेखकाने ती जाणूनबुजून टिकवली आहेत. शेवटी राजा चिठ्ठी लिहितो, आणि उरीया स्वतःच्या मरणाचा हुकूम स्वतःच्या हाताने छावणीत घेऊन जातो. निवेदकाने आतापर्यंत देवाचं नाव घेतलेलं नाही. ते येतं शेवटच्या वचनात, एका कोरड्या वाक्यात: हे देवाला आवडलं नाही.

हा अध्याय वाचताना पानाच्या उजव्या कडेला फक्त गाळलेल्या गोष्टी लिही. ती यादी मजकुराहून लांब होईल. मग तीच यादी समोर ठेवून आपल्याकडचे प्रवचनकार, चित्रकार, सिनेमावाले या गोष्टीत काय काय भरतात ते बघ. कोणी काय भरलं यावरून भरणारा कळतो.

वस्तूंवर पाळत ठेव

हिब्रू कथाकार वर्णनाला फार कंजूष. एखादा झगा, एखादं करडू, एखादी विहीर आली की ती उगाच आलेली नसते. याकोब करडांची कातडी अंगावर बांधून आणि भावाचे कपडे चढवून आंधळ्या बापाला फसवतो. वर्षं जातात, आणि त्याची मुलं योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्यालाच फसवतात. निवेदक कुठेही 'पेरलं ते उगवलं' म्हणत नाही; कपडा आणि बकरा त्याच्या वतीने बोलतात. विहिरीचंही तसंच. इसहाक (त्याच्यासाठी मुलगी बघायला नोकर जातो), याकोब, मोशे, तिघांची सोयरीक विहिरीवर जुळते. हा ठरलेला प्रसंग एकदा ओळखलास की योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, तेव्हा मूळ वाचकाचे कान का टवकारले असतील हे तुला कळेल.

चार शुभवर्तमानांची खिचडी करू नकोस

वसईत किंवा गोव्यात नाताळचा गोठा बघितला आहेस. त्यात मेंढपाळ असतात आणि उंटावरून आलेले तीन राजेही असतात. मेंढपाळ आणि गव्हाण लूकमधली. पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयमधले. ते राजे होते असं मत्तय म्हणत नाही, तीन होते असंही म्हणत नाही, आणि ते येतात ते घरात. मार्क आणि योहान जन्माची गोष्ट सांगतच नाहीत. गोठा सुंदर आहे, तो मोडायचा नाही. पण निबंध लिहिताना गोठ्यातली मंडळी आपापल्या घरी पाठवायची.

गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. ते सातही एकाच लेखकाकडे कुठेच नाहीत. मार्क आणि मत्तय यांच्याकडे एकच, देवाने टाकून दिल्याचा आक्रोश. लूककडे वेगळे तीन, आणि त्यातला शेवटचा शांतपणे प्राण देवाच्या हाती सोपवण्याचा. योहानकडे आणखी तीन, आणि तिथे येशू काम पुरं झाल्याचं सांगून मान टाकतो. सातांची बेरीज केलीस की मरणाची तीन वेगवेगळी चित्रणं पुसली जातात. यासाठी समांतर रकान्यांत छापलेली शुभवर्तमानं मिळतात, ग्रंथालयातून ती आण. तिघांत सारखं ते एका रंगाने, दोघांत सारखं ते दुसऱ्याने, एकट्याचं ते तिसऱ्याने रंगव. रंगीत पेन्सिलींवर खर्च केलेल्या पैशाइतका फायदा दुसरा कुठला नाही.

'बायबल म्हणतं' असं लिहू नकोस

कोणतं पुस्तक म्हणतं? त्यातलं कोण? कोणाला? नीतिसूत्रांत सांगतात, सरळ वागणाऱ्याचं भलं होतं. ईयोब विचारतो, मग माझं काय? ही दोन्ही पुस्तकं एकाच संग्रहात आहेत आणि एकमेकांशी भांडताहेत. आरंभ लहान असला तरी पुढे भरभराट होईल अशा अर्थाचं एक वचन दुकानांच्या भिंतींवर लावलेलं दिसतं. ते ईयोबाच्या मित्राच्या, बिल्ददाच्या, तोंडचं आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी देव या मित्रांना स्पष्ट सुनावतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत. वचन कापून घेण्याआधी ते कोणाच्या तोंडचं आहे ते बघ.

साम्य चटकन नोंदव, फरकावर रेंगाळ

1872 साली ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने मातीच्या विटेवरची बाबिलोनी महापुराची कथा वाचून दाखवली आणि युरोपात खळबळ उडाली. तारू, पक्षी सोडणं, डोंगरावर टेकणं, सगळं नोहाच्या कथेसारखं. परीक्षेत सगळे एवढंच लिहितात. तू पुढे जा. एका मेसोपोटेमियन कथेत माणसांच्या गोंगाटाने देवाची झोप मोडते, म्हणून पूर येतो. उत्पत्तीत पृथ्वी हिंसेने भरली म्हणून येतो. तीच गोष्ट सांगून तिचं कारण बदलणं, लेखकाचं म्हणणं इथे आहे. उलट, जिथे तिथे उसनवारी शोधायच्या खोडीला सॅम्युएल सँडमेल यांनी 1962 साली एका लेखात चांगलं झोडपलं आहे, तेही वाच.

पाठभेदाला घाबरू नकोस

आपल्याला हे नवं नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 पासून 1966 पर्यंत खपून सिद्ध केली. बायबलातही तेच. 1947 नंतर मृत समुद्राकाठच्या गुहांतून मिळालेल्या गुंडाळ्यांमुळे हिब्रू हस्तलिखितं एकदम हजारेक वर्षांनी मागे गेली. मार्कच्या दोन सर्वांत जुन्या सबंध प्रतींत शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपतं: बाया थडग्यापासून पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. हा शेवट नंतरच्या वाचकांना सोसला नाही, आणि अधिक समाधान देणारे शेवट जोडले गेले. पाठचिकित्सेचा एक जुना नियम असा की दोन पाठांतला जो अवघड तो बहुधा आधीचा, कारण नकलणारे खडबडीत ते गुळगुळीत करतात, गुळगुळीत ते खडबडीत करत नाहीत. बघ, अडखळायचा मंत्र इथेही लागू पडतोच.

मराठीत किमान दोन भाषांतरं जवळ ठेव. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास केला, केडगावला बसून सबंध बायबल उतरवलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते 1924 साली प्रसिद्ध झालं. बायबल सोसायटीचं चर्चमध्ये चालतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आजच्या वाचकासाठी. तिन्ही जिथे वेगळी होतात, तिथे खाली खूण कर आणि मगच टीकाग्रंथ उघड.

वाचणारा कोण, हेही विचार

फिलिस ट्रिबलने 1984 साली 'टेक्स्ट्स ऑफ टेरर' मध्ये हागार, तामार, इफ्ताहाची मुलगी यांच्या कथा बाईच्या बाजूने वाचल्या. इफ्ताहाच्या मुलीचा बळी जातो, आणि लेखक तिचं नावही सांगत नाही. इकडे 1981 साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दलितांच्या अनुभवातून देवाविषयी बोलायला सुरुवात केली. या वाचनांना 'पक्षपाती' म्हणून बाजूला सारणारे वर्गात भेटतील. त्यांना विचार, आजवरचं वाचन कोणत्या पक्षाचं होतं?

श्रद्धेबद्दल एकच. वर्गात मानणारे असतील, न मानणारे असतील. तुझ्या शेजारचा विद्यार्थी ज्या पानावर प्रार्थना करतो, त्याच पानावर तू रंगीत पेन्सिल चालवणार आहेस. प्रश्न कितीही टोकदार विचार, पण आवाज टोकदार नको.

पहिल्या आठवड्याचं काम

उत्पत्तीपासून सुरुवात करू नकोस, लेवीयापर्यंत पोचेस्तोवर दमशील. रूथचं पुस्तक घे. चार अध्याय, एका बैठकीत होतं. मग दुसऱ्यांदा वाच आणि अडखळायच्या जागा काढ. तुला वाटेवर लावण्यापुरत्या चार देतो. 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मवाबी माणसाला देवाच्या मंडळीत मज्जाव आहे. मग ही कथा रूथला पुन्हापुन्हा 'मवाबी' का म्हणते, आणि तिला दावीदाची पणजी करून का संपते? इतर कथांत विहिरीवर बाई पाणी काढते. इथे बवाज रूथला, गड्यांनी भरलेलं पाणी पी म्हणून सांगतो, हा बदल कशासाठी? खळ्यावरच्या त्या रात्री काय झालं, हे लेखक नेमकं कुठपर्यंत सांगतो आणि कुठे तोंड मिटतो? आणि जो जवळचा नातलग रूथला करून घ्यायला नकार देतो, त्याला सगळ्या गावासमोर उभं करूनही लेखक त्याचं नाव का देत नाही?

पाचवी, सहावी जागा तुझी तू शोध. प्रत्येकीखाली दोन्ही वह्यांतले प्रश्न लिही, उत्तरं मात्र पहिल्या आठवड्यात लिहू नकोस. रविवारी वही घेऊन ये. टीकाग्रंथ माझ्या कपाटात आहेत, पण तुझे प्रश्न बघितल्याशिवाय कपाटाची किल्ली मिळणार नाही.